वाळूची रास आणि परवान्याचा आकडा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर राजराज चोळाच्या काळातील दानांची नोंद कोरलेली आहे. १०१० सालच्या सुमारास पूर्ण झालेल्या या मंदिराला सोने किती मिळाले, रत्ने किती मिळाली, भात किती मिळाले, हे त्या लेखांत आहेच. परंतु लेख कोरविणारे तेवढ्यावर थांबलेले नाहीत. सोने ‘आडवल्लान’ या नावाच्या दगडी वजनाने तोलले, रत्नांसाठी ‘दक्षिणमेरुविटंकन्’ हे वेगळे वजन वापरले, भातासाठी अमुक नावाचे माप घेतले, असे त्यांनी प्रत्येक ठिकाणी स्पष्ट केले आहे. ‘किती’ या प्रश्नाबरोबर ‘कशाने मोजले’ या प्रश्नाचेही उत्तर दिले नाही, तर पहिल्या उत्तराला अर्थ राहत नाही, हे त्या कारकुनांना पुरते ठाऊक होते.

त्याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून कोळ्ळिडम नदी वाहते. कावेरीची ही शाखा पुराचे पाणी समुद्राकडे नेते आणि उरलेले वर्षभर तिचे रुंद पात्र वाळूने भरलेले दिसते. या वाळूला आज मोठी किंमत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर वर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू व खडी वापरली जाते. पाण्याखालोखाल माणूस इतक्या प्रमाणावर दुसरा कोणताही नैसर्गिक पदार्थ उपसत नाही. तमिळनाडूत २००३ सालापासून नदीतील वाळू काढण्याचे काम सरकारने आपल्या हाती घेतले. भरणे आणि वाहून नेणे एवढे मात्र खासगी कंत्राटदारांकडे राहिले. कोणत्या घाटावर किती क्षेत्रात, किती खोलीपर्यंत आणि एकूण किती वाळू काढावयाची, हे पर्यावरणविषयक मंजुरीत आकड्यांनी लिहिलेले असते. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दिलेल्या निर्णयानंतर, पाच हेक्टरांहून लहान घाटांनाही अशी मंजुरी आवश्यक झाली.

म्हणजे मर्यादेचा आकडा आहे. प्रश्न आहे तो त्या आकड्याशी ताडून पाहावयाच्या दुसऱ्या आकड्याचा. प्रत्यक्षात किती वाळू निघाली, हे बहुतेक ठिकाणी वाहतुकीच्या पावत्यांच्या बेरजेवरून सांगितले जाते. पावती फाडणारा, मालमोटार भरणारा आणि हिशेब लिहिणारा हे सर्व एकाच घाटावर उभे असतात. अशा बेरजेला मोजमाप म्हणणे कठीण आहे. रास किती मोठी आहे हे राशीकडून आणि खड्डा किती खोल आहे हे खड्ड्याकडून काढून घेतले पाहिजे, आणि ते काम ज्याचा त्या वाळूशी व्यवहार नाही अशा माणसाने केले पाहिजे. त्याचे उत्तर, त्यातील संभाव्य चुकीसह, सर्वांस वाचावयास मिळाले पाहिजे. या मागणीला ‘ते फार अवघड शास्त्र आहे’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. ते खरे नाही.

समजा, घाटावर वाळूची एक शंकूसारखी रास ओतलेली आहे. तिच्या पायथ्याभोवती दोरी फिरवली आणि ती ४४ मीटर भरली. शाळेतील सूत्राने पायथ्याची त्रिज्या ७ मीटर येते. राशीवर चढून उंची मोजण्याची गरज नाही, कारण कोरडी वाळू ओतली असता तिचा उतार स्वतःहून एका ठराविक कोनाशी स्थिरावतो; हा कोन साधारणपणे ३४ अंशांच्या आसपास असतो. त्या उताराने उंची त्रिज्येच्या दोन तृतीयांशाहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे ४.७ मीटर होते. पायथ्याचे क्षेत्रफळ १५४ चौरस मीटर. त्याला उंचीने गुणून तिसरा हिस्सा घेतला की घनफळ सुमारे २४१ घनमीटर मिळते. महाराष्ट्रात वाळू ब्रासने विकली जाते, तंजावरकडे ‘युनिट’ने, नावे दोन असली तरी दोहोंचा अर्थ एकच, १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. तेव्हा ही रास ८५ ब्रासची झाली. तीन ब्रासच्या मालमोटारी धरल्या तर अठ्ठावीस खेपा. एक दोरी, एक पेन्सिल आणि आठवीचे गणित यांवर एवढे भागते.

परंतु याच उदाहरणात सावधगिरीचाही धडा आहे. दोरी ओबडधोबड पायथ्यावरून फिरताना ५ टक्के जास्त भरली, म्हणजे ४४ ऐवजी ४६.२ मीटर आली, तर उत्तर ५ टक्क्यांनी वाढत नाही. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही त्याच दोरीतून निघत असल्यामुळे घनफळ सुमारे १६ टक्क्यांनी फुगते आणि ८५ ब्रासचे ९८ ब्रास होतात. राशीचे मोजमाप करणाऱ्याला हा तिपटीचा नियम कायम ध्यानात ठेवावा लागतो. शिवाय खरी रास क्वचितच शंकूसारखी असते. तिच्या माथ्यावर यंत्राने सपाटी केलेली असते, एका अंगाने वाळू काढून नेलेली असते, आणि ओलसर वाळूचा कडा ३४ अंशांहून बराच उभा राहतो. लांबट राशीचे ठराविक अंतराने आडवे छेद घेऊन प्रत्येक छेदाचे क्षेत्रफळ काढावे लागते आणि छेदामधील अंतराने गुणून बेरीज करावी लागते. धान्याच्या खळ्यावर किंवा रस्त्याच्या भरावावर काम केलेल्या कोणत्याही मोजणीदाराला ही रीत परिचित आहे.

राशीचा तळ मात्र कोणालाच दिसत नाही. खळग्यात ओतलेली रास बाहेरून लहान दिसते, उंचवट्यावर ओतलेली मोठी दिसते. म्हणून रास येण्यापूर्वी जमीन कशी होती याची मोजणी हाताशी नसेल, तर नंतरचे कितीही सूक्ष्म उपकरण ही उणीव भरून काढू शकत नाही.

कोळशाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. तंजावर जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. २०२३ साली वडसेरी भागातील लिग्नाइटचा पट्टा लिलावाच्या यादीत आला होता, परंतु कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला २०२० च्या कायद्याने संरक्षित कृषिक्षेत्राचा दर्जा मिळालेला असल्यामुळे मोठा विरोध झाला आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तो पट्टा वगळण्यात आला. औष्णिक वीजकेंद्रांच्या आवारात आणि बंदरांवर मात्र कोळशाच्या राशी असतातच. गोव्यात मुरगाव बंदरातील कोळसा आणि त्याची वास्कोवर उडणारी भुकटी हा वर्षानुवर्षांचा तक्रारीचा विषय आहे. तेथील परवाने टनांत असतात आणि डोळ्यांना मात्र घनफळ दिसते. सैल ओतलेल्या कोळशाचा एक घनमीटर सुमारे ८०० किलो भरतो, तर बुलडोझर फिरवून दाबलेला तोच घनमीटर १,००० किलोच्या आसपास जातो. दहा हजार घनमीटरांच्या एकाच राशीला म्हणूनच कोणी आठ हजार टन म्हणेल, कोणी दहा हजार, आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसेल. घनता कोठे, किती नमुन्यांवरून आणि कोणत्या दिवशी काढली हे ज्या अहवालात लिहिलेले नाही, त्यातील टनांचा आकडा वाचकाने बाजूस ठेवावा.

कोल इंडियाच्या हिशेबपद्धतीत पुस्तकातला साठा आणि मोजलेला साठा यांतील ५ टक्क्यांपर्यंतची तफावत सोडून दिली जाते आणि पुस्तकातलाच आकडा ग्राह्य धरला जातो. ही सवलत उघडपणे लिहिलेली आहे, एवढा तिचा गुण मान्य केला पाहिजे. मोजमापात चूक ही व्हावयाचीच. तथापि खरी चूक कधी या बाजूला, कधी त्या बाजूला पडते. दहा वेळा मोजले असता रास पाच वेळा थोडी जास्त आणि पाच वेळा थोडी कमी भरली, तर ती मोजमापाची चूक होय. दहाही वेळा ती एकाच बाजूला कलत असेल, तर प्रत्येक वेळची तफावत ५ टक्क्यांच्या आत असूनही तिला चूक म्हणता येणार नाही. तेथे काही तरी नियमाने घडत आहे. सवलतीची मर्यादा ही योगायोगासाठी असते. म्हणून तफावतीचे एकेक आकडे न पाहता वर्षावर्षाचे आकडे एकाखाली एक मांडून त्यांचा कल पाहावयास हवा. हे काम संगणकाशिवायही होते. त्यासाठी जुने आकडे जपून ठेवलेले असले म्हणजे पुरे.

वाळूकडे परत येताना एक साधा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. काचेच्या सरळ बाजूंच्या भांड्यात कोरडी बारीक वाळू भरून पातळीची खूण करावी. ती परातीत ओतून वजनाच्या सुमारे ५ टक्के पाणी तिच्यात चांगले कालवावे आणि तीच वाळू पुन्हा भांड्यात भरावी. ती आता खुणेच्या वर येते. बारीक वाळू असेल तर चतुर्थांशानेही फुगलेली दिसते. कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, तो कणांना एकमेकांपासून दूर धरतो, म्हणून असे होते. नंतर भांडे पाण्याने पूर्ण भरले की पापुद्र्यांची ओढ नाहीशी होते आणि वाळू जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर बसते. वाळू तेवढीच, वजन तेवढेच, परंतु ब्रास मात्र वाढले आणि पुन्हा कमी झाले.

या प्रयोगाचा घाटावरील हिशेबाशी फार जवळचा संबंध आहे. नदीच्या पाण्याने बसवलेली वाळू पात्रात घट्ट असते. मालमोटारीत पडताना ती ओलसर आणि सैल असते. पात्रातील ८० ब्रास वाळू मोटारींत सहज १०० ब्रास भरू शकते. आता एखाद्या घाटावर पावत्या १०० ब्रासच्या आहेत आणि खड्डा मोजला असता १२५ ब्रासचा निघाला असे समजू. वरवर पाहता २५ ब्रासची तफावत दिसते. पण पावत्यांवरील १०० ब्रास म्हणजे पात्रातील ८०च. तेव्हा खरी तफावत ४५ ब्रासची आहे. उलट पावत्या १०० ब्रासच्या आणि खड्डा ८० ब्रासचा असेल, तर तेथे काहीच गैर घडलेले नाही, आणि अशा वेळी प्रामाणिक माणसावर आळ येऊ न देणे हेही मोजणाऱ्याचेच काम आहे. कोणते ब्रास, पात्रातले की मोटारीतले, हे परवान्यात स्पष्ट लिहिलेले नसेल तर दोन्ही पक्षांना हवा तो अर्थ काढण्याची सोय होते. हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखकर्त्यांनी ती सोय ठेवली नव्हती.

खड्डा मोजण्याची आजची रीत अशी. ड्रोन घाटावरून ठराविक उंचीवरून फिरतो आणि एकमेकांवर बरीच चढलेली शेकडो छायाचित्रे घेतो. एकच बिंदू अनेक बाजूंनी दिसल्यामुळे त्याची उंची गणिताने काढता येते. माणसाचे दोन डोळे अंतर ओळखतात त्याच तत्त्वावर. अशा लक्षावधी बिंदूंतून पात्राचा पृष्ठभाग तयार होतो. उपसा सुरू होण्यापूर्वीच्या पृष्ठभागातून नंतरचा पृष्ठभाग वजा केला की निघालेल्या वाळूचे घनफळ मिळते. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या वाळू उत्खननाच्या देखरेखीविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत ड्रोनचा वापर सुचविलेला आहेच.

यंत्र नवे असले तरी जुना नियम येथेही सुटत नाही. पाच हेक्टरांच्या घाटावर एक मीटर खोलीची परवानगी असेल तर परवान्यातील वाळू ५०,००० घनमीटर, म्हणजे सुमारे १७,६७० ब्रास होते. दोन मोजण्यांपैकी एकीत उंची सर्वत्र फक्त १० सेंटिमीटरांनी चुकली, तर ५,००० घनमीटरांचा, म्हणजे सुमारे १,७६७ ब्रासचा घोटाळा होतो. तीन ब्रासच्या जवळपास ५९० मोटारी केवळ एका वीतभरदेखील नसलेल्या चुकीतून निर्माण होतात किंवा नाहीशा होतात. ही चूक टाळण्यासाठी जमिनीवर ठाम बसवलेल्या, आधीच काटेकोर मोजलेल्या खुणा लागतात, आणि त्यांपैकी काही खुणा गणितात न घेता केवळ तपासणीसाठी राखून ठेवाव्या लागतात. शिवाय ड्रोनला गढूळ पाण्याच्या आत दिसत नाही. खड्डा पाण्याने भरला की त्याचा तळ काठीने किंवा नावेतून ध्वनिलहरी सोडूनच शोधावा लागतो. मेट्टूर धरणाचे पाणी त्रिभुज प्रदेशासाठी सोडण्याचा परंपरागत दिवस १२ जून. त्यानंतर ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून येतो. पूर खड्ड्यांच्या कडा ढासळवतो, वरची वाळू खाली आणतो आणि पुरावा बुजवून टाकतो. मोजणी पाण्याच्या आधी झाली नाही तर ती त्या वर्षी झालीच नाही असे समजावे.

नदी खड्डा भरून काढते, मग तक्रार कशाची, असा युक्तिवाद येथे हमखास केला जातो. त्याला उत्तर नदीच्याच इतिहासात आहे. १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणामागे वरून येणारी वाळू व गाळ मोठ्या प्रमाणावर अडतो. खाली येते ती मुख्यतः धरणाच्या खालच्या उपनद्यांनी आणलेली आणि पात्रातच सरकलेली वाळू. एका घाटाचा खड्डा भरतो तेव्हा ती वाळू पुष्कळदा वरच्या घाटाच्या पात्रातून आलेली असते. भरून येण्याचे हे प्रमाण दर वर्षी किती, हेदेखील दोन पृष्ठभागांच्या वजाबाकीनेच कळते. ‘नदी भरून काढते’ हे वाक्य आकड्याशिवाय उच्चारले जाऊ नये.

या आकड्यांशी किती गोष्टी बांधलेल्या आहेत! कोळ्ळिडमची वाळू ही पाणी साठवणारी टाकी आहे. पाणीपुरवठ्याच्या अनेक योजना याच वाळूत विहिरी घेऊन पाणी उपसतात. पात्र खोल गेले की आसपासच्या विहिरींची पातळी त्यामागोमाग उतरते आणि समुद्राजवळच्या भागात खारे पाणी आत सरकण्यास वाट मिळते. पुलांच्या आणि बंधाऱ्यांच्या पायांभोवतीची वाळू गेली की ते उघडे पडतात. तिरुचिरापल्लीजवळच्या मुक्कोंबू येथे आर्थर कॉटन यांनी १८३६ च्या सुमारास बांधलेल्या बंधाऱ्याचे अनेक दरवाजे २२ ऑगस्ट २०१८ च्या रात्री कोळ्ळिडमच्या पुरात वाहून गेले. बांधकाम जुने होते, पूर मोठा होता. परंतु खालच्या पात्रातील वाळूउपशाकडेही अनेकांनी बोट दाखवले. त्या उपशाचा दर वर्षीचा मोजलेला आकडा समोर असता, तर कोणते कारण किती हे अभियंत्यांना सांगता आले असते. आकडा नसल्यामुळे ज्याने त्याने आपले मत तेवढे सांगितले.

वाळूचा प्रश्न २०२३ साली न्यायालयांपर्यंत गेला. सप्टेंबर महिन्यात सक्तवसुली संचालनालयाने तमिळनाडूतील वाळूघाटांवर छापे घातले आणि कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील तज्ज्ञांकडून अठ्ठावीस घाटांची मोजणी करवून घेतली. तिच्या आधारे सुमारे ४,७३० कोटी रुपयांची वाळू निघाली असून सरकारी नोंदीत उत्पन्न मात्र ३६.४५ कोटी रुपयांचेच दाखविले आहे, असे संचालनालयाचे म्हणणे होते. वेल्लोर, तिरुचिरापल्ली, करूर, तंजावर आणि अरियलूर या पाच जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना समन्स निघाली. राज्य सरकारने त्यांस आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या आरंभी जिल्हाधिकाऱ्यांनी हजर राहावे असे सांगितले. पुढे १६ जुलै २०२४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने कंत्राटदारांविरुद्धची मालमत्ता-जप्ती रद्द केली, कारण अवैध उत्खनन हा अवैध धनव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या परिशिष्टातील गुन्हा नाही.

कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय काय ठरवतो हे विधिज्ञ सांगतील. शास्त्राच्या दृष्टीने या प्रकरणातील दुःखाची बाजू निराळी आहे. एका आकड्याच्या शंभराहून अधिक पट दुसरा आकडा, अशी दोन विधाने देशासमोर आली. आणि त्यांपैकी कोणते किती खरे, हे सामान्य नागरिकाला पडताळून पाहता येईल असे काहीही त्याच्या हाती आले नाही. पहिली मोजणी कोणत्या तारखेची धरली, वाळूच्या फुगवट्यासाठी काय सोडले, पाण्याखालचे खड्डे कसे मोजले, चुकीची मर्यादा किती सांगितली, ही चर्चा वृत्तपत्रांत झाली नाही. झाली ती कोण कोणाला समन्स काढू शकतो याची. दोन्ही पक्षांना आपापल्या आकड्याचा अभिमान असेल तर तो मोजणीच्या कच्च्या नोंदींसह उघड करावयास हरकत नव्हती. मोजणी गुन्ह्याच्या तपासासाठी प्रथमच करावी लागते, यातच सारा दोष दिसून येतो. ती दर वर्षी, कोणावर संशय नसतानाही, व्हावयास हवी होती.

गोव्याचा अनुभव येथे थोडा उपयोगी पडेल. तेथे २०१२ साली लोहखनिजाचे उत्खनन थांबले, तेव्हा काढून ठेवलेल्या खनिजाच्या राशी खाणींवर आणि धक्क्यांवर पडून होत्या. त्यांची मोजदाद करून यादी करावी लागली आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली २०१४ पासून त्यांचे लिलाव झाले. ज्या राशींची पूर्वीची नोंद होती त्यांचा उलगडा लवकर होतो, जिची नोंद नव्हती ती रास वादाचे मूळ ठरते, हे कोणत्याही अशा यादीत सहज दिसते.

तंजावरला मोजणीचा आणखी एक इतिहास आहे आणि तो मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटेल. १८०८ साली सरफोजी राजे तेथे राज्य करीत होते; बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठी इतिहास त्यांनीच पाच वर्षांपूर्वी कोरविला होता. त्या वर्षी विल्यम लॅम्बटन हा इंग्रज अधिकारी दक्षिण हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी करीत तेथे पोहोचला. त्रिभुज प्रदेश सपाट, माडांनी झाकलेला. दूरवर दृष्टी जावी म्हणून मंदिरांच्या शिखरांवर उपकरण चढवावे लागे. सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट बृहदीश्वराच्या विमानावर ओढून नेत असताना दोर तुटला आणि उपकरण भिंतीवर आदळून वाकले. लॅम्बटनने ते तिरुचिरापल्लीस नेले, आठवडे घालवून स्वतः दुरुस्त केले आणि काम पुढे चालू ठेवले.

ही कथा बहुधा त्याच्या चिकाटीसाठी सांगितली जाते. तिच्यातील अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. वाकलेल्या उपकरणाने पुढे केलेल्या मोजणीवर विश्वास कोण ठेवील? लॅम्बटनच्या पद्धतीत त्याचे उत्तर होते. त्रिकोणांची साखळी गणिताने पुढे नेत गेल्यावर शेवटची बाजू पोलादी साखळीने जमिनीवर पुन्हा प्रत्यक्ष मोजावयाची, आणि गणिताने आलेली लांबी व मोजलेली लांबी शेजारी शेजारी मांडावयाच्या. काही मैलांत काही इंचांचा फरक आला तर तो तसाच छापावयाचा. आकडा कोणी काढला यापेक्षा तो पुन्हा कसा पडताळला, यावर त्या कामाची प्रतिष्ठा उभी राहिली.

वाळूच्या घाटावर हीच शिस्त आणण्यास अडचणी कोणत्या? खर्च ही पहिली सांगितली जाते. ड्रोनने एका घाटाची मोजणी हे काही दिवसांचे काम आहे. वाळूच्या मोलाच्या मानाने तो खर्च नगण्य असतो आणि तो परवाना घेणाऱ्याकडून घेता येतो, मात्र मोजणी करणारा त्याने निवडलेला नसावा. दुसरी अडचण माणसांची. तंजावर, तिरुचिरापल्ली, कुंभकोणम या परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये थोडी नाहीत; तेथील विद्यार्थ्यांना भूमापनाचा अभ्यास कुठल्या तरी मैदानावर करावाच लागतो, तो नदीच्या पात्रात का करू नये? तिसरी अडचण अनेक जण बोलून दाखवत नाहीत: आकडा उघड झाला तर वाद वाढतील, असे अधिकाऱ्यांना वाटते. पण वाद आजही आहेत. फक्त ते अंदाजांवर चालतात आणि म्हणून संपत नाहीत.

महाराष्ट्राने २०२३ साली डेपोतून ६०० रुपये ब्रास दराने वाळू विकण्याचे धोरण जाहीर केले तेव्हा गोदावरी, भीमा, तापी यांच्या काठांवरही हेच प्रश्न उभे होते. दर किती असावा यावर विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. ब्रास म्हणजे कोणता, ओला की सुका, पात्रातला की डेपोतला, यावर तितकी झाली नाही. दराच्या खालोखाल हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. किंबहुना तो सुटल्याशिवाय दरालाही फारसा अर्थ नाही.

प्रत्येक घाटाच्या दोन्ही काठांवर, पुराच्या पातळीच्या वर, पक्क्या पायावर बसवलेले दोन-तीन दगड असावेत आणि त्यांची उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या खुणांशी जोडून घेतलेली असावी. पहिली मोजणी उपसा सुरू होण्यापूर्वी, दुसरी उपसा संपताच आणि तिसरी पूर ओसरल्यावर व्हावी. तिन्हींचे आकडे, चुकीच्या मर्यादेसह आणि वाळूच्या ओलाव्याच्या नोंदीसह, तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात एका साध्या वहीत लिहून ठेवता येतील. त्या वहीची प्रत शाळेत असली तर शिक्षकांना गणिताच्या तासाला शंकूचे घनफळ शिकवताना खडूच्या आकृतीऐवजी आपल्या गावच्या नदीतील रास घेता येईल. मुले दोरीने मोजतील, त्यांचे उत्तर ड्रोनच्या उत्तराशी जुळणार नाही, आणि का जुळत नाही याचा शोध घेण्यात एखादा आठवडा खर्ची पडेल. मेट्टूरचे दरवाजे उघडण्याचा दिवस १२ जून हा ठरलेला आहे. पहिली मोजणी त्याआधी, मे महिन्याच्या कोरड्या पात्रात व्हावी लागेल.